वाकड्या रेघेचे दाजी

आमच्या दाजींइतका सरळ माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि वाकड्या रेघेच्या नादी इतका लागलेला माणूस तर उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी जमिनीच्या मोजणी खात्यात काढली. साखळी ओढायची, झेंड्या रोवायच्या, एक डोळा मिटून दुर्बिणीतून बघायचं आणि दोन शेतांच्या मधून अशी रेघ मारायची, की पुढच्या पिढीला तिथे बोट ठेवायला जागा राहू नये. नांदूरघाटच्या पलीकडच्या एका वस्तीवर त्यांचं घर आहे. त्या सगळ्या पट्ट्यात त्यांना 'सायेब' आणि अक्काला 'मोजनीदारीनबाई' म्हणत. दाजी पारावर आले की बसलेली माणसं उठून उभी राहत. अशा माणसाला रिटायर झाल्यावर नाद लागला तो चालत्या गाड्यांकडून आणि हलत्या मशिनींकडून चित्रं काढून घेण्याचा, आणि त्या नादापायी एका सकाळी माळावर कुऱ्हाडी निघाल्या.  पण तिथवर जायचं तर आधी दाजी समजून घ्यायला हवेत, आणि ते काम सोपं नाही.

मोजणीची एक जुनी फळी त्यांनी घरी आणून ठेवली होती. तिच्यावर त्यांनी बांबूच्या कामट्यांची चौकट उभी केली. चौकटीला मधोमध दोरी, दोरीला गवंड्याचा पितळी ओळंबा, आणि ओळंब्याच्या टोकाशी दोऱ्याने करकचून बांधलेली बॉलपेनची कांडी. खाली फळीवर कागद. हे सगळं मांडीवर घेऊन दाजी गाडीत बसत. गाडी हलली की ओळंबा हले, ओळंबा हलला की कांडी कागदावर फिरे, आणि दाजी दोन्ही हात मागे बांधून बघत राहत. गाडीत हात मागे बांधून बसणं म्हणजे पुढच्या माणसाच्या टाळूवर कपाळ आपटून घेणं. पण 'हात लावला की लबाडी आली' असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "दाजी, यातून मिळतं काय?" तर म्हणाले, "मेव्हणे, जन्मभर सरळ रेघा मारल्या. एका बी रेघंवर दोन घरं खूश झाली न्हाईत. जिकडं सरकली त्यानं चहा पाजला, जिकडनं सरकली त्यानं आईबहीण काढली. आता मला अशी रेघ पायजे, जिच्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडनार न्हाई." तेव्हा मला हसू आलं होतं.

एसटीत त्यांची जागा ठरलेली, मागच्या चाकावरची. जी जागा माणसं नाइलाज झाल्यावर घेतात, ती दाजी धावत जाऊन रुमाल टाकून धरायचे. गाडी रिकामी असली आणि कंडक्टर 'सायेब, पुढं या की' म्हणाला, तरी 'पुढं रेघ मरती' म्हणून हे मागेच. केजच्या बाजूला एक ड्रायव्हर होता, फार जपून चालवायचा. म्हाताऱ्या बाया उतरताना त्याला दुवा द्यायच्या. दाजी मात्र त्याची गाडी येताना दिसली की तोंड फिरवून फाट्यावरच बसून राहत आणि पुढच्या गाडीची वाट बघत. "गुणी मानूस हाय," ते म्हणत, "पर त्याच्या गाडीत कला न्हाई." वस्तीजवळून जाणारा एसटीचा रस्ता पहिल्यांदा डांबरी झाला तेव्हा वस्तीने नारळ फोडला, पेढे वाटले. दाजी सुतक आल्यासारखे ओट्यावर बसून होते. ओढ्याच्या पुलाजवळचा मोठा खड्डा बुजवला होता ना! त्या खड्ड्यात गाडी गेली की म्हणे कागदावर असा काही पिसारा उमटायचा, की तसा ह्या जन्मी पुन्हा बघायला मिळणार नाही. पण ठेकेदार बहुधा कलेची कदर असणारा निघाला. वर्षाच्या आत खड्डा मूळ जागी परत आला आणि दाजी माणसात आले.

गाडी नसेल तेव्हा मशीन. वस्तीवरच्या पिठाच्या गिरणीत पट्टा फिरायला लागला की भिंत थरथरते. दाजींनी भिंतीत खिळा ठोकून तिथे ओळंबा टांगला आणि गिरणीच्या बाकावर मुक्काम ठोकला. काही दिवसांत त्यांचा अभ्यास असा वाढला, की बाजरीची रेघ चुरचुरीत येते, ज्वारीची जरा गुबगुबीत, आणि हरभरा टाकला की 'गिरनी रागावती' हे ते कुणालाही ऐकवू लागले. त्या रागावलेल्या रेघेच्या मोहात एकदा त्यांनी गिरणीवाल्याला गळ घालून कुणाचा तरी हरभरा पुढे घ्यायला लावला आणि सकाळपासून ताटकळलेल्या बाईची बाजरी मागे पडली. ती बाई डोक्यावर डबा तसाच घेऊन तडक अक्काच्या दारात. "मोजनीदारीनबाई, तुमच्या मालकांनी माझं दळण मागं सारलं!"

बीडला माझं औषधांचं दुकान आहे. आमच्या घरी नवी वॉशिंग मशीन आली हे कळल्यावर दाजी पहिल्या गाडीने हजर झाले. मशीन कपडे पिळायला लागली की अंगात आल्यासारखी घुमते, हे त्यांनी ऐकलं होतं. न्हाणीघरासमोर स्टूल टाकून ते बसले. एका बाजूला ओली चादर कोंबली तर हादरे जास्त बसतात हा शोध त्यांना लागला, तेव्हापासून आमच्या घरातली एकही चादर कोरडी राहिली नाही. संध्याकाळी मशीन आपली जागा सोडून न्हाणीघराच्या दारात येऊन उभी होती आणि बंद होती. दाजींनी काढलेला, म्हणजे मशीनने काढलेला कागद आमच्या सौभाग्यवतींच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, ह्यात तुमच्या घराचा जीव हाय." सौ. मेकॅनिकला फोन लावताना एवढंच म्हणाली, "अक्का कसं निभावून नेतात, त्याच जाणोत."

आणि खरी ओढाताण अक्काचीच होती. तिने जन्मभर एकच दागिना जपला, नवऱ्याचा मान. दळण मागे पडलेली ती बाई दारात उभी राहून विचारत होती, "पर सायेब भिंतीला काय बांधून बसलेत?" आणि अक्का पटकन बोलून गेली, "मोजनी हाय. सरकारी. मशीनचा हादरा मोजत्यात." झालं. खोट्याला एकदा घरात घेतलं की त्याला दाणापाणी घालावंच लागतं. एसटीतल्या फळीबद्दल कुणी विचारलं की 'रस्ता मोजत्यात'. कागद कसले म्हटलं की 'नकाशे हायेत, बघायचे न्हाईत'. सगळे कागद तिने पत्र्याच्या पेटीत घातले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दाजींना यातलं काही माहीत नव्हतं. प्रत्यक्ष साहेबाला कोण विचारणार? पुढे ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या ट्रॅक्टरमध्ये दाजींनी फळी बांधून दिली, तेव्हा कारखान्यापर्यंतच्या त्या लांबच्या वाटेवर बायकांनी ती पोटच्या लेकरासारखी सांभाळली. का, तर सायेबांची मोजणी आहे, वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत पक्का रस्ता होणार.

"अक्का, हे अंगाशी येईल," मी तिला म्हणालो होतो.

"तुला काय जातंय बोलायला?" ती माझ्यावरच उखडली. "त्यांला गावानं येडं म्हनलेलं मला न्हाई ऐकवायचं. तू गोळ्या आनल्यास ना? दे, आन् गप चहा पी."

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण कागद दाजींना अपुरा पडायला लागला. वस्तीच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. उन्हाळ्यात त्यावर काही नसतं. दाजींच्या मनात आलं, हाच कागद! त्यांनी भाड्याने ट्रॅक्टर बोलावला. मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की पोत्यात भरली, पोत्याच्या तळाला भोक पाडलं आणि पोतं लांब दोरीने ट्रॅक्टरच्या मागे टांगलं. ट्रॅक्टर दगडधोंड्यांवरून उडत चालला, पोतं झुलायला लागलं आणि माळावर पांढरीशुभ्र नागमोडी रेघ उमटत गेली. दाजी टेकाडावर उभे राहून बघत होते आणि, अक्का सांगते, लग्नात हसले नव्हते इतके हसत होते. माळ संपला तिथे ड्रायव्हरला ट्रॅक्टर वळवायला जागा पुरेना. त्याने लागूनच्या शेतातून, बांध ओलांडून ट्रॅक्टर खालच्या रिकाम्या शेतात घातला, तिथून मोठा वळसा घेतला आणि परत वर आणला. फक्कीची रेघ अर्थातच त्याच्या मागोमाग गेली.

आता हा बांध साधासुधा नव्हता. वरचं शेत बप्पांचं, खालचं तात्यांचं. दोघे चुलतभाऊ, आणि बांधाचा वाद त्यांच्या बापांपासूनचा. बप्पांचं म्हणणं, बांध वर सरकलाय, खालची जमीन आमची. तात्यांचं म्हणणं बरोबर उलटं. दोन्ही घरांनी दाजींच्या नोकरीच्या काळात त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं की सायेब, तुम्हीच एकदा मोजा, तुमची रेघ आम्हाला देवाची रेघ. दाजींनी तेवढी एक मोजणी कधी केली नाही. ज्या गावात राहायचं त्या गावात साखळी काढायची नाही, हा त्यांचा नेम होता. आणि आता साहेबांची पांढरी रेघ तात्यांच्या शेतात चांगली आतपर्यंत गेलेली सगळ्यांना दिसत होती.

मी आदल्या दिवशी अक्काच्या गोळ्या घेऊन आलो होतो आणि मुक्कामी राहिलो होतो. सकाळी चहा तोंडाला लावतोय तोच गिरणीवाला धापा टाकत आला. "सायेब, माळावर चला! बप्पा तुमच्या रेघंवर दगड रोवायलाय, आन् तात्याच्या पोरांनी कुऱ्हाडी काढल्यात!"

दाजी तसेच निघाले, पायात चप्पलसुद्धा न घालता. मी मागून निघालो. खरं सांगतो, वाटेत दोनदा मनात आलं की दुकान उघडायचंय म्हणून बीडची गाडी धरावी. वर पोचलो तर बांधाच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. बप्पा आणि त्यांची माणसं रेघेवर हातभर अंतराने दगड मांडत चालली होती. समोर तात्या, त्यांचे दोन तरणेबांड मुलगे, दोघांच्या हातात कुऱ्हाडी. कुणी ओरडत नव्हतं, आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती. वारा सुटला होता आणि तुरीच्या धसकटांतून त्याचा आवाज येत होता.

"आले सायेब," बप्पा म्हणाले. "आता सांगा ह्यांला. रेघ तुमची हाय का न्हाई?"

"माझीच हाय," दाजी म्हणाले.

"ऐकलं का?" बप्पांनी दगड खाली आपटला.

"पर ही हद्द न्हाई."

"मंग काय हाय?" तात्यांनी विचारलं.

"चित्र हाय."

 तात्या हळू आवाजात म्हणाले, "सायेब, तुमाला मी बापाच्या जागी मानतो. ही चेष्टेची येळ न्हाई."

"अहो, वाकडी हाय बघा की ती!" दाजी काकुळतीला आले होते. "मी जन्मात कदी वाकडी रेघ मारली का?"

"वाकडी कावून हाय ते आमाला ठावं हाय," बप्पा म्हणाले. "जुनी साखळी सरळ मोजायची. नवी मशीन जमीन जशी हाय तशी मोजती. तुमी गिरनीची मोजनी केली, रस्त्याची केली, आता रानाची केली. मोजनीदारीनबाईनीच सांगितलंय समद्या वस्तीला. तुमी कुनाला भ्यायचं कारन न्हाई."

"मोजनी?" दाजींनी वळून माझ्याकडे बघितलं. "मेव्हणे, कसली मोजनी?"

मी धसकटांकडे बघत उभा राहिलो. त्या क्षणी दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. ज्या कागदांना ते चित्र समजत होते, त्यांच्याकडे सगळी वस्ती सरकारी नकाशे म्हणून बघत होती, आणि हे एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

"सायबाला फितवलंय कुनीतरी!" तात्यांचा थोरला मुलगा ओरडला आणि कुऱ्हाड घेऊन रेघेच्या अलीकडे आला. बप्पांच्या पुतण्याने रोवायला आणलेला दगड डोक्याच्या वर उचलला. दोघांच्या मध्ये फार तर बैलगाडी मावेल एवढं अंतर होतं. दाजी त्या अंतरात जाऊन उभे राहिले, अनवाणी, दोन्ही हात पसरून. ज्याची मान जन्मभर दुर्बिणीवर वाकलेली, तो किडकिडीत माणूस. "आधी मला हाना," ते म्हणाले, "रेघ माझी हाय."  

"सरका सायेब," मुलगा म्हणाला. दाजी सरकले नाहीत.

तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. "सरका म्हनू नगंस त्यांला! मला इचार!"

दोन शेजारणींनी पत्र्याची पेटी दोन्ही कड्यांना धरून वर आणली होती आणि अक्का पदर खोचून पुढे. तिने पेटी बरोबर रेघेवर ठेवायला लावली, कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं.

"मी खोटं बोल्ले," ती म्हणाली. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मोजनी बिजनी काय न्हाई. रिटायर झाल्यापसून त्यांनी हातभर जमीन मोजल्याली न्हाई. त्यांला गाड्या हलत्यात ते बघायचा नाद हाय. त्याची चित्रं काढत्यात. मला लाज वाटायची, म्हनून मी मोजनी म्हनत गेले. आता म्हना येडं. त्यांला म्हना, मला म्हना. पर ही हद्द न्हाई."

आणि तिने पेटीचं झाकण उघडून कागद बाहेर काढायला सुरुवात केली. एसटीचे, गिरणीचे, जिपांचे, मोटरसायकलींचे. काळ्या-निळ्या गुंतवळ्यांचे ढीगभर कागद ती जमिनीवर मांडत सुटली, आणि माळावरच्या वाऱ्याला तेवढंच हवं होतं. पहिला कागद उडाला, दुसरा उडाला, मग भसकन दहा-बारा. अक्का ओरडली, "आरं बघत काय उभं राह्यलात? दाबा की ते! दगड ठिवा!"

बाईमाणसाने, त्यातही अक्कासारख्या वडीलधाऱ्या बाईने असं खेकसलं की आमच्याकडच्या पुरुषांचे हात आपोआप चालतात. बप्पांच्या पुतण्याने डोक्यावर उचललेला दगड खाली वाकून एका कागदावर ठेवला. हद्दीसाठी आणलेले दगड भराभर कागदांवर यायला लागले. तात्यांचा मुलगा उडणाऱ्या कागदामागे पळाला. पळताना अडचण होते म्हणून त्याने कुऱ्हाड आईकडे दिली, आणि तात्यांच्या बायकोने ती घेऊन जी पदराआड केली ती परत दिली नाही. थोड्या वेळाने बघतो तर बांधावर कागदच कागद, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर दगड, आणि दोन्हीकडची माणसं उकिडवी बसून ते बघतायत.

"ही कशाची हाय, सायेब?" कुणीतरी विचारलं.

"केजच्या गाडीची," दाजी म्हणाले. 

"मंग हा ओढ्याचा खड्डा दिसतूय!" गिरणीवाला म्हणाला. "बगा, कसा उडाला!"

एका लांबलचक कागदाजवळ तात्यांची बायको बराच वेळ बसली होती. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरचा कागद होता तो. रेघ फरफटत जात होती आणि एका ठिकाणी थांबून तिथे शाईचा ठिपका फुगला होता. तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितं गाडी थांबलती. धाकटीला उलट्या व्हायल्या म्हनून."

"व्हय," पलीकडून बप्पांची सून म्हणाली. "मी पानी दिलतं तिला."

दोन घरं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. या दोघी मात्र बराच वेळ त्या एकाच कागदाकडे बघत बसल्या. मग मागून एक म्हातारा खिन्न आवाजात म्हणाला, "म्हंजी पक्का रस्ता व्हनार न्हाई व्हय?" आणि कुणाला तरी हसू फुटलं. 

वाद मिटला असं समजू नका. बांधाचं भांडण आजही कोर्टात आहे आणि दोन्ही वकील सुखात आहेत. पण त्या दिवशी रक्त सांडलं नाही. माणसं एकेक करून उतरली. बप्पांनी जाता जाता 'आमचे दगड तेवढे मोकळे करा' म्हणून आठवण केली. आम्ही पेटी घेऊन घरी निघालो. दाजी दारात आल्यावर एवढंच म्हणाले, "तुला लाज वाटत व्हती तर मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर तुमी सोडलं असतं," अक्का म्हणाली आणि पाय धुवायला मोरीत गेली.

मी माझ्या बहिणीला जन्मापासून ओळखतो असं मला वाटायचं. ती लाजेखातर खोटं बोलते असंच मी धरून चाललो होतो. तिने ते खोटं लाजेखातर सांगितलं आणि नवऱ्याच्या हौसेखातर पोसलं, हे मला त्या दिवशी कळलं. बीडला आल्यावर मी ही हकिकत सौ.ला सांगितली. तिने कपाटाच्या तळातून वॉशिंग मशीनचा तो कागद काढला आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम करायला टाकला.

दाजींचा मान मात्र गेला तो गेला. पारावर आता त्यांच्यासाठी कुणी उठत नाही. 'येडे सायेब' म्हणतात, तोंडावरसुद्धा. दाजींना त्याचं काही वाटत नाही. "बरं झालं, आता बसायला जागा तर देत्यात," म्हणतात. मला मात्र वाईट वाटतं. ज्या माणसाने रेघेसाठी कधी कुणाचा एक पेढा जास्त खाल्ला नाही, त्याला कालची पोरं कपाळाजवळ बोट गोल गोल फिरवून दाखवतात, तेव्हा मला राग येतो. पण तीच पोरं नव्या मोटरसायकलवर दाजींची फळी बांधून घेतात आणि चढाओढ लावतात, कुणाची रेघ चांगली.

गेल्या वर्षापासून दाजींच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. दुर्बीण फिरवताना जो हात केसभर हलला नाही, त्यात आता चहाची बशी राहत नाही. डॉक्टरांनी गाडीचा प्रवास बंद केला. मी भेटायला गेलो तर हातात पेन धरून कागदावर नुसतं टेकवून बसले होते. पेन आपलं आपण थरथरत रेघ काढत होतं. "बघा मेव्हणे," म्हणाले, "आता गाडीची गरज न्हाई. इंजिन आमच्यातच बसवलंय." आणि हसले. मी हसलो नाही, मला जमलंच नाही ते.

परवा अक्का गोळ्या न्यायला बीडला आली. तिला सोडायला आणि दाजींना बघायला म्हणून मीही तिच्याबरोबर निघालो. गाडी लागल्या लागल्या ती धावत मागच्या चाकावरच्या जागेकडे गेली आणि रुमाल टाकला. मी बघतच राहिलो. पिशवीतून तिने फळी काढली, ओळंबा टांगला, कागद लावला आणि दोन्ही हात मागे बांधले. शेजारची बाई वाकून बघायला लागली. "मोजनी हाय का व्हं, मावशी?"

मी अक्काकडे पाहिलं.

"न्हाई बाई," अक्का म्हणाली. "चित्र हाय. आमच्या घरच्यांला दाखवायचंय."

पण रस्ता नुकताच पुन्हा नवा झालाय. गाडी लोण्यातून गेल्यासारखी चालली होती आणि कागदावर नुसती एक निर्जीव रेघ पडत होती. अक्का कागदाकडे बघे, खिडकीतून बाहेर बघे, पुन्हा कागदाकडे. ओढ्याचा पूल जवळ आला तशी ती उठली. फळी माझ्या मांडीवर दिली, दांड्यांना धरत धरत पुढे गेली. ज्या बाईने उभ्या जन्मात कंडक्टरकडे सुट्टे पैसे मागितले नाहीत, ती भर गाडीत ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा कडंच्या खड्ड्यातनं घ्या की. घरी मानूस वाट बघतंय."

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने गाडी डांबराच्या खाली घेतली. गाडी उडाली, लोक ओरडले, आणि माझ्या मांडीवर कांडी कागदभर नाचली. मी हात लावला नाही.

घरी दाजी ओट्यावर बसून होते. अक्काने कागद त्यांच्या मांडीवर पसरला. ते थरथरतं बोट रेघेवरून हळूहळू सरकवत गेले. "हितं फाटा... हितं चढ... रस्ता लई गुळगुळीत केलाय, मेला रस्ता..." आणि पिसारा आला तिथे बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं. "पुलाचा खड्डा तर बुजवला म्हनत व्हते. हितं कुनीतरी मुद्दाम गाडी खाली घातली."

"ड्रायव्हर नवा हाय," अक्का म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.